ताट, अंथरूण आणि अंगण



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत, आणि त्याहून जास्त म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हळू आवाजात, एक प्रश्न आम्हांला पुन्हा पुन्हा विचारला जातो. मूल तिसरी-चौथीत आहे. बोलण्यात चुणचुणीत, ऐकलेली गोष्ट शब्दन् शब्द लक्षात ठेवणारं, पण पुस्तक समोर धरलं की अर्ध्या पानात घामाघूम! शाळेनं आई-वडिलांना बोलावून 'लर्निंग डिसॅबिलिटी' असा शब्द वापरला आहे. ही बातमी घरात फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आजी म्हणतात, रोज सकाळी बदाम भिजवून द्या. पुण्याची मावशी बुद्धिवर्धक गोळ्या पाठवते. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, साखर आणि गहू बंद करून बघ. आणखी कुणी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुचवतं. शेवटी आई-बाबा विचारतात, "यातलं नेमकं काय करायचं? की काहीच करायचं नाही?"

आमचं उत्तर आधी थोडक्यात सांगतो. खाणं, झोप आणि खेळ यांनी डिस्लेक्सिया जात नाही. पण उपाशी, पेंगुळलेल्या, दिवसभर खुर्चीला खिळलेल्या मुलाला उत्तमातला उत्तम शिक्षकही शिकवू शकत नाही. शिकवण्याचं काम शाळेचं आणि तज्ज्ञांचं. शिकण्याच्या बेतात असलेलं मूल शाळेत पाठवणं हे काम घराचं. दोन्ही कामं वेगवेगळी आहेत आणि एकाच्या बदली दुसरं चालत नाही.

आधी शाळेला पत्र

ताटाकडे वळण्याआधी हे सांगायलाच हवं, कारण आपल्या घरांतून उशीर होतो तो इथंच. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं अशी एक समजूत आहे. मुख्य अडचण असते ती शब्दांतले ध्वनी सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी झटपट जोडण्यात. आकड्यांच्या बाबतीत अशीच अडचण असली तर डिस्कॅल्क्युलिया, लिहिण्याच्या बाबतीत असली तर डिसग्राफिया. लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, हातातलं काम अर्धवट राहतं, ते एडीएचडी. एकाच मुलात यांतल्या दोन गोष्टी असणं मुळीच दुर्मिळ नाही. आणि बुद्धीचा यात काही दोष नसतो. आळशीपणाचा तर नसतोच नसतो. अशी मुलं पुष्कळदा वर्गातल्या इतरांपेक्षा दुप्पट कष्ट करत असतात आणि हाती निम्मं येतं, म्हणून तर संध्याकाळपर्यंत ती इतकी थकतात.

इथं अमेरिकेत १९७५ सालच्या कायद्यानं प्रत्येक अशा मुलाला सरकारी शाळेत विनामूल्य आणि त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण मिळण्याचा हक्क दिला. त्या कायद्याचं १९९० साली 'आयडिया' असं नामकरण झालं आणि २००४ साली त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. मुलाची तपासणी करा, अशी विनंती पालक स्वतः करू शकतात. ती लेखी करावी, तारीख घालावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. पालकांनी संमतीपत्रावर सही केली की राज्याचा वेगळा नियम नसेल तर ६० दिवसांत तपासणी पूर्ण व्हायला हवी. यासाठी पैसे पडत नाहीत. बैठकीला दुभाषा हवा असेल तर तो देणं शाळेवर बंधनकारक आहे. मूल पात्र ठरलं तर आयईपी, म्हणजे त्या एकट्या मुलासाठीचा लेखी शिक्षण-आराखडा तयार होतो आणि दरवर्षी तपासला जातो.

इथं दोन भीती आड येतात. एक म्हणजे, "आमच्या व्हिसाचं काय होईल?" सरकारी शाळेत शिकण्याचा मुलाचा हक्क आई-वडिलांच्या व्हिसावर अवलंबून नाही. दुसरी भीती, "कॉलेजला कळलं तर?" शाळेतले मुलाचे कागद १९७४ सालच्या कायद्यानं गोपनीय आहेत, ते कुणाच्याही हाती असेच पडत नाहीत. तिसरी भीती कुणी बोलून दाखवत नाही. ती म्हणजे शनिवारी मराठी शाळेत भेटणाऱ्या बाकीच्या आई काय म्हणतील! तिच्यावर कायद्यात इलाज नाही. एवढंच सांगतो, की त्या बाकीच्या आयांपैकीही काही जणी आम्हांला हाच प्रश्न विचारून गेलेल्या असतात.

ताट

आता घराचं काम. सुरुवात सकाळपासून करू. शाळेची बस सातला, मूल उठतं साडेसहाला, आणि पोटात जातं काय, तर एक कप दूध. काही घरांत तर चहा आणि दोन बिस्किटं. अशा न्याहारीवर दहा वाजता, नेमका वाचनाचा तास चालू असताना, मुलाच्या पोटात कावळे ओरडू लागतात. बाकीची मुलं कशीबशी निभावतात. ज्याला एकेक ओळ वाचायला दुप्पट जोर लावायचा आहे, त्याचं अवसान लवकर गळतं. सकाळी पोटात काहीतरी दमदार हवं. बेसनाचं किंवा मुगाचं धिरडं, उरलेल्या थालीपिठाचा तुकडा दह्याबरोबर, उकडलेलं अंडं, पीनट बटर लावलेली पोळी, काल रात्रीची इडली. वेळ नसेल तर पोळीची गुंडाळी करून बसस्टॉपवर हातात द्या. पाटावर बसून, घास मोजून खाल्लंच पाहिजे असा हट्ट नको.

दुपारचा डबा हा नाजूक विषय आहे. पुष्कळ मुलं डबा उघडतच नाहीत. शेजारच्या बाकावरचा मुलगा नाक दाबतो, म्हणून भाजी तशीच परत येते. आधीच "मला वेगळ्या खोलीत वाचायला नेतात" हे ज्याच्या मनाला लागलेलं असतं, त्याला डब्यावरून आणखी वेगळं दिसायचं नसतं. मुलालाच विचारा, कोणता पदार्थ सगळ्यांसमोर खायला चालेल? पनीरचा रोल, दही-भात, चण्याची कोशिंबीर, चीज सँडविच, जे पोटात जाईल ते डब्यात. वांग्याचं भरीत घरी चार वाजता.

चार वाजताचं हे खाणं आमच्या मते आपल्या घरांनी गांभीर्यानं घ्यावं. शाळेतून आलेलं मूल खरंच भुकेलेलं असतं आणि त्याला आपण चिप्सची पिशवी देतो, कारण जेवण रात्री साडेआठला, बाबा आल्यावर! त्याऐवजी पोळी-भाजी, उसळ, वरण-भात असं खरं जेवण चार-पाचलाच द्यावं आणि रात्री सातला हलकं काहीतरी. सगळ्यांनी एकत्र बसण्याचा आनंद शनिवार-रविवारी घेता येतो.

लोहाची कमतरता हा आपल्या शाकाहारी घरांचा खास प्रश्न. अंगात लोह कमी असलं की मूल मरगळतं, लक्ष लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं, अभ्यासाचा कंटाळा! दूध पौष्टिक खरं, पण त्यात लोह जवळजवळ नसतं, आणि दुधानंच पोट भरलं की बाकीचं खाणं मागे पडतं. एक ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी २४ औंसांपेक्षा जास्त गाईचं दूध देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. जेवणाबरोबर चहा तर नकोच, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबू मात्र मदत करतं. आपण पोह्यांवर आणि मटकीच्या उसळीवर लिंबू पिळतो ते नुसतं चवीपुरतं नाही! मोड आणल्यानं कडधान्यातलं लोह अंगी लागणं सोपं होतं. अळिवाचे लाडू, खजूर, हरभरे, लोखंडी कढईतली भाजी हे सगळं आपलंच आहे. पण लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका, जादा लोह मुलांना घातक ठरतं. रक्ततपासणीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही बघाल का, असं डॉक्टरांना विचारा. दूध-दही फारसं न खाणाऱ्या शाकाहारी मुलाचं बी-१२ही तपासून घ्यावं.

आता त्या सल्ल्यांकडे वळू. बदाम द्या की! चांगला खाऊ आहे. मात्र भिजवलेल्या बदामानं स्पेलिंग सुधारत नाही.

साखर बंद केल्यानं दात आणि वजन दोन्ही सुधारतील. पण साखरेनं मूल उधळतं, हे सिद्ध झालेलं नाही. १९९५ साली बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. १९९४ सालचा एक प्रयोग तर गमतीचा आहे. ज्या मुलांच्या आयांना वाटत होतं की साखरेनं आपला मुलगा बिथरतो, अशी ३५ मुलं घेतली. सगळ्यांना दिलं बिनसाखरेचं पेय, पण निम्म्या आयांना सांगितलं, की याला भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपापला मुलगा जास्त चळवळ्या वाटला! वाढदिवसाच्या पार्टीत मुलं उधळतात ती बहुधा पार्टीमुळे.

कृत्रिम रंगांची गोष्ट थोडी वेगळी. २००७ साली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या संशोधकांना काही मुलांत या रंगांमुळे चळवळेपणा थोडा वाढलेला आढळला. २०१० पासून युरोपात त्यांतल्या सहा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. परिणाम लहान आहे आणि सगळ्या मुलांत दिसत नाही. पण निळी-लाल सीरिअल्स आणि गोळ्या दोन-तीन आठवडे बंद करून बघायला काहीच जात नाही. आपली केशरी जिलबीही त्याच पंक्तीत, हे लक्षात असू द्या.

माशाच्या तेलानं वाचन सुधारतं, अशी मोठी आशा २०१२ सालच्या एका इंग्रज प्रयोगानं दाखवली होती. तोच प्रयोग त्याच संशोधकांनी पुन्हा केला, तेव्हा २०१८ साली तसा फायदा दिसला नाही. गहू आणि दूध दोन्ही बंद करण्याबद्दल मात्र आम्ही बजावून सांगतो. सीलिअॅकसारखा आजार किंवा अॅलर्जी डॉक्टरांनी सांगितली असेल तर गोष्ट निराळी. एरवी शाकाहारी मुलाच्या ताटातून पोळी, दूध, दही आणि पनीर काढून घेतल्यावर उरतं काय? प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-१२ एकाच फटक्यात जातात. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्यांना, विशिष्ट पोताचं अन्न तोंडात धरवतच नाही. आधीच मोजके पदार्थ खाणाऱ्या अशा मुलांवर असले प्रयोग आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नयेत.

आणि मावशीच्या गोळ्या? इथं आम्हांला स्पष्ट बोललं पाहिजे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या, भारतात आणि अमेरिकेत बनलेल्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी करून २००८ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. साधारण पाचांपैकी एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि भस्मं घातलेल्या औषधांत हे प्रमाण अधिक होतं. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. लक्ष, वाचन, वागणूक सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणजे बुद्धीसाठी दिलेली गोळी बुद्धीलाच खाणार! पिशवीतून आलेली सुटी हळद, पारंपरिक काजळ आणि सुरमा यांतही शिसं सापडलेलं आहे. यांतलं काही घरात वापरलं जात असेल तर डॉक्टरांना तसं सांगून मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. मावशीचं प्रेम ठेवून घ्यावं, गोळ्या मुलाला देऊ नयेत.

ज्या मुलांना एडीएचडीचं औषध चालू आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. या औषधांनी पुष्कळांची दुपारची भूक मरते. मग गोळीच्या आधी भरपेट न्याहारी द्यावी आणि औषधाचा जोर ओसरल्यावर संध्याकाळी पोटभर जेवण. दुपारच्या डब्यावरून भांडत बसू नये. वजन घटतंय असं वाटलं तर डॉक्टरांशी बोलावं, गोळी परस्पर बंद करू नये.

अंथरूण

अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ साली आकडे दिले ते असे : तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या डुलकीसह १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, आणि तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास. आता आपल्या घरचा हिशेब करू. मूल साडेदहाला झोपलं आणि साडेसहाला उठलं, तर आठ तास. नऊ वर्षांच्या मुलाला रोज किमान एक तास कमी! आठवड्याच्या पाच शाळांना मिळून पाच तास, म्हणजे जवळजवळ अर्धी रात्र.

थोड्याशा झोपेनं काय होणार, असं वाटेल. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन प्रयोगात सात ते अकरा वर्षांच्या मुलांपैकी काहींची झोप पाच रात्री थोडी वाढवली, काहींची कमी केली. सरासरी २७ मिनिटं जास्त झोपलेली मुलं वर्गात शांत आणि कमी चिडकी दिसू लागली. ५४ मिनिटं कमी झोपलेल्यांचं उलट झालं. ही तक्रार नसलेली, साधी मुलं होती. कोणाची झोप कशी आहे हे शिक्षकांना सांगितलेलं नव्हतं, त्यांनी फक्त वागणूक नोंदवली. २७ मिनिटं म्हणजे एका मालिकेचा एक भाग.

आपल्या घरांतली झोप कुठं हरवते हे बघितलं तर चोर घरातलेच निघतात. जेवण उशिरा. होमवर्कवरून रडारड दहापर्यंत. मूल आई-बाबांच्याच खोलीत झोपतं, त्यात वावगं काही नाही, पण मोठ्यांचा दिवा आणि फोन अकरापर्यंत चालू. आणि भारतातला फोन! पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊ वाजले की तिकडे सकाळ होते, आजी-आजोबा चहा घेऊन व्हिडिओवर बसतात आणि झोपेला आलेलं मूल पुन्हा टक्क जागं होतं. हाच फोन शनिवारी सकाळी साडेआठला लावला तर तिकडे संध्याकाळचे सहा-सात वाजलेले असतात. आजोबाही निवांत, मूलही ताजं.

काय करावं? उठण्याची वेळ पक्की ठेवा. सुटीच्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त फरक नको. फोन, टॅब्लेट झोपण्याआधी तासभर बंद आणि रात्री खोलीबाहेर, आई-बाबांचेही. होमवर्कला एक वेळ ठरवा, समजा आठ. आठला वही मिटायची, झालं असो वा नसो, आणि शिक्षकांना चिठ्ठी लिहायची, की इतका वेळ बसून इतकं झालं. ही चिठ्ठी पुढे आयईपीच्या बैठकीत उपयोगी पडते. भारतातून परतताना शाळा सुरू होण्याच्या निदान आठवडाभर आधीचं तिकीट काढा. जेटलॅग घेऊन पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलाबद्दल शिक्षकाचं मत तिथंच बनून जातं.

झोपताना पुस्तक वाचून घेण्याचा आग्रह मात्र आम्ही धरणार नाही. ज्याला दिवसभर अक्षरांनी छळलं, त्याला अंथरुणात तरी त्यांच्यापासून सुटका हवी. त्या वेळी गोष्ट सांगा, आणि मराठीत सांगा. चिमणी-कावळ्याची, शिवाजी महाराजांची, आजोबांच्या गावच्या विहिरीची, कोणतीही. दोन भाषांनी मूल गोंधळतं म्हणून मराठी बंद करा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. दोन भाषा ऐकल्यानं डिस्लेक्सिया होत नाही. कानांवाटे शब्दांचा साठा वाढत राहतो आणि पुढे वाचन जमू लागल्यावर तोच कामी येतो.

डॉक्टरांना सांगण्यासारख्या तीन गोष्टी. पहिली, घोरणं. आठवड्यातून तीन-चार रात्री मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मध्येच श्वास अडखळत असेल तर त्याला रात्रभर नीट झोपच लागत नाही, आणि दिवसा ते हुबेहूब एडीएचडीसारखं वागू शकतं. टॉन्सिल आणि अॅडिनॉइड काढून अशा मुलांच्या वागण्यात सुधारणा झाल्याचं २०१३ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. दुसरी, "आई, पाय चेप." रोज रात्री मूल पायांना स्वस्थता नाही म्हणत असेल तर त्यामागे लोहाची कमतरता असू शकते. तिसरी, मेलाटोनिन. इथं ते गमीजच्या रूपात दुकानात सर्रास मिळतं. २०२३ साली अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली, त्यांतल्या २२ मध्ये लेबलावर लिहिलेला आकडा चुकीचा निघाला. काही मुलांना त्याचा उपयोग होतो, पण द्यायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

अंगण

वाचन मागे पडलं की आपल्या घरांत पहिली गदा कशावर येते? पोहण्यावर! "आधी ग्रेड सुधार, मग स्विमिंग." त्या वेळात मग गणिताच्या वर्कशीटचा आणखी एक क्लास. आमचं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी सात ते नऊ वर्षांची २२१ मुलं घेतली. त्यांतल्या निम्म्यांना नऊ महिने शाळा सुटल्यावर भरपूर पळापळीचे खेळ दिले. २०१४ साली निकाल आले. खेळणाऱ्या मुलांचं लक्ष एकाग्र करण्याचं आणि एका कामातून दुसऱ्या कामात वळण्याचं कौशल्य जास्त सुधारलं होतं. त्याआधी २०१३ साली आणखी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. आठ ते दहा वर्षांची ४० मुलं, त्यांतल्या २० जणांना एडीएचडी. २० मिनिटं ट्रेडमिलवर भरभर चालल्यावर दोन्ही गटांनी वाचनात आणि गणितात, २० मिनिटं बसून काढल्यावर केली त्यापेक्षा चांगली कामगिरी केली. याचा अर्थ व्यायामानं अक्षरं कळू लागतात असा नाही. तोल सांभाळण्याच्या कसरतींनी डिस्लेक्सिया बरा करून देतो म्हणणारे महागडे वर्गही आहेत, त्यांच्या दाव्यांना भक्कम आधार नाही. अर्थ एवढाच, की होमवर्कच्या आधी वीस मिनिटं घाम निघाला तर पुढचा अर्धा तास कारणी लागतो.

सहा ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज ६० मिनिटं हालचाल हवी, असं सरकारी मार्गदर्शिका सांगते. ती एकदम नको, तुकड्यांतुकड्यांनी चालते. बसस्टॉपपर्यंत पायी, शाळेतली सुटी, संध्याकाळी सायकल. सांघिक खेळात नियम आणि सूचना पटापट ध्यानात ठेवाव्या लागतात, तिथं काही मुलं गांगरतात आणि शेवटी बाकावर बसतात. त्यांना पोहणं, तायक्वांदो, धावणं, जिम्नॅस्टिक्स जास्त मानवतं. बाहेर बर्फ असेल तर बेसमेंट आहेच. दोरीवरच्या उड्या, लंगडी, बारा सूर्यनमस्कार, आणि गणपतीच्या आधी लेझीम! लेझमीच्या तालावर पावलं टाकणं हा सुरेख व्यायाम आहे, आणि तिथं स्पेलिंग कुणी विचारत नाही. वर्गात शेवटचा ठरलेला मुलगा लेझीम पथकात पहिल्या रांगेत आला, तर त्याच्या चालण्यात फरक पडतो. अशा मुलाला आपण एखाद्या ठिकाणी तरी चांगले आहोत हे समजणं फार गरजेचं असतं.

शाळेशीही याबाबत बोलायला हवं. काम अपुरं राहिलं म्हणून मधल्या सुटीत वर्गात बसवण्याची शिक्षा पुष्कळ ठिकाणी होते, आणि ती नेमकी याच मुलांच्या वाट्याला येते. शिक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी मुलाची मधली सुटी काढून घेऊ नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१३ सालीच म्हटलं आहे. याची सुटी काढून घेऊ नये आणि मधूनमधून उठायला मुभा द्यावी, एवढी दोन वाक्यं आयईपीत घालून घ्या.

वहीत दोन आठवडे

हे सगळं उद्यापासून एकदम करू नका. घर म्हणजे लष्कर नव्हे! एक साधी वही घ्या. दोन आठवडे काहीही न बदलता रोज पाच गोष्टी लिहा : कधी झोपलं, कधी उठलं, सकाळी काय खाल्लं, किती वेळ खेळलं, अभ्यासाला कसं बसलं. मग एकच गोष्ट बदला, शक्यतो झोप, आणि आणखी दोन आठवडे लिहा. फरक पडला तर दिसेल, नाही पडला तर तेही दिसेल. वही डॉक्टरांना आणि शाळेला दाखवा. आणि हे नियम त्या एकट्या मुलाला लावू नका. भावाला पिझ्झा आणि याला धिरडं, भाऊ जागा आणि हा अंथरुणात, असं झालं की ते आरोग्य राहत नाही, शिक्षा होते.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही एक विनंती. आपलं नाटक साडेअकराला संपतं आणि जेवण वाढलं जातं नऊला. मुलांचं पान साडेसहाला मांडलं, एक शांत खोली ठेवली आणि रविवारचे कार्यक्रम आठला आवरले, तर सोमवारी सकाळी अनेक घरांतली भांडणं टळतील. दुसरी विनंती मराठी शाळेच्या शिक्षकांना. पालकांनी विश्वासानं मुलाची अडचण सांगितली तर त्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका. त्याला गोष्ट सांगायला उभं करा, तो रंगवून सांगेल.

आयईपीच्या बैठकीला जाताना काय काय बरोबर न्यावं, कोणते प्रश्न विचारावेत आणि कशावर लगेच सही करू नये, हे पुढच्या अंकात बघू. त्याबद्दल तुमचे प्रश्न आणि अनुभव जरूर लिहून पाठवा. नाव घालायलाच हवं असं नाही.